जुनं दुखणं आणि घड्याळ

तीन महिने उलटून गेले, गोळ्या झाल्या, फोटो काढून झाले, मालिश झाली, आणि तरी कंबर, मान, खांदा किंवा गुडघा दुखतोच आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखाना बेळगावात, वडगावच्या मागांच्या खडखडाटात. आठवड्यातून एक दिवस खानापूरला बसते. माझ्याकडे यंत्रमागवाले येतात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले कामगार येतात, भातशेतीतल्या बायका येतात, निपाणीकडून विड्या वळणाऱ्याही येतात. व्यायाम सगळ्यांनाच देते. पण व्यायामाचा कागद घडी होऊन पिशवीत जातो आणि बहुतेकदा तिथंच राहतो. तो का राहतो, हे स्नायू दाबून कळत नाही. ते कळतं झोपेबद्दल, भीतीबद्दल, घरच्या माणसांबद्दल आणि ठेकेदाराच्या हजेरीबद्दल विचारल्यावर. या लेखात व्यायाम जवळजवळ नाहीत; व्यायाम ज्यांच्यामुळं अडतात त्या गोष्टी आहेत.

आधीच एक सांगून ठेवते, कारण या विषयाला हात घातला की समोरचा माणूस दुखावतो. "म्हणजे मी नाटक करते होय?" असं मला एक मामी तोंडावर म्हणाल्या होत्या. नाही. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली. तिच्यात दुखणं हा शरीराच्या संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव धरला आहे, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असंही तिथं लिहिलं आहे. घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

आधी डॉक्टर कुणाला

पुढचं सगळं सोडून आधी हे बघा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा आणि मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, पायातलं बळ दिवसेंदिवस कमी होतंय, चप्पल निसटली तरी कळत नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि जोडीला पाठदुखी असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते बघावं लागतं; आपल्याकडं तो अजून गेलेला नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, पडल्यापासून दुखतंय, बरेच महिने स्टेरॉईड चालू होतं, यांनीही आधी तपासून घ्यावं.

तरुण माणसाची कंबर पहाटे जास्त आखडत असेल, उठल्यावर अर्धा तास सुटत नसेल आणि पडून राहण्यापेक्षा हालचालीनं मोकळी होत असेल, किंवा दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो सुजेचा संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि वेळेवर मिळाली तर सांधे वाचतात. अशा माणसाला मी घड्याळाच्या, म्हणजे ठरल्या वेळेला काम थांबवायच्या, गोष्टी सांगत बसत नाही, सरळ संधिवाताच्या डॉक्टरांकडं पाठवते.

यातलं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पुढं वाचा.

फोटोत दिसतं ते आणि दुखतं ते

माझे वडील मागावर होते, त्यामुळं मला हे मागावरूनच सांगायला जमतं. मागाला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो माग बंद पाडतो. हा काटा फार नाजूक लागला तर धागा शाबूत असतानाही माग थांबतो, आणि मग धागा कितीही तपासला तरी काही सापडत नाही. जुन्या दुखण्यात पुष्कळदा हेच झालेलं असतं. सुरुवातीची इजा खरीच असते, ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरूनही येते; पण मज्जातंतू आणि मेंदू यांची इशारा द्यायची सवय राहून जाते, आणि साध्या ताणालाही कळ उठते. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की दुखण्याचा निरोप खालून निघाला तसाच वर मेंदूपर्यंत पोचतो असं नाही. मेंदू त्याला वाटेत दाबूही शकतो आणि वाढवूही शकतो. जागरण, धास्ती, घरातली धुसफूस, डोक्यावरचं कर्ज हे वाढवणाऱ्यांतले. शिवजयंतीच्या चित्ररथापुढं रात्रभर नाचलेल्या पोराची कंबर दुसऱ्या दिवशी कामावर निघताना धरते, तेव्हा त्याची आई त्याला ढोंगी म्हणते. ढोंगी नसतो तो.

राहिला फोटो. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य मी रोज ऐकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र बघितले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यामधल्या गादीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. गादी फुगून बाहेर आलेली विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. या सगळ्यांना काहीही दुखत नव्हतं. म्हणजे रिपोर्टात झीज लिहिली आहे म्हणून तीच दुखतेय असं ठरत नाही. केस पिकतात तसंच बरंचसं हे वयाचं आहे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जाल तेव्हा "हे बरं होईल का?" यापेक्षा "यातलं असं काय आहे की ज्यामुळं मी वाकू नये, चालू नये?" हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, तसं काही नाही. तेच उत्तर कागदावर लिहून मागा, घरी उपयोगाला येतं.

सरकारी ओपीडीत डॉक्टर कानडीत विचारतात आणि आपल्या खानापूरकडच्या आज्जींना मराठीशिवाय येत नाही, तेव्हा कानडी येणारा भाचा बरोबर असतो. तो "फार त्रास आहे" एवढंच सांगून मोकळा होतो. म्हणून घरूनच चार ओळी तयार करून न्या: कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं, आणि कुठलं काम बंद पडलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच सांगायचं राहतं.

वही

एक साधी शाळेची वही घ्या. रोज रात्री तीन-चार ओळी: आज काय काम केलं, सलग किती वेळ, रात्री झोप कशी झाली, आज काही बोलाचाली किंवा काळजीचं झालं का. दुखणं दहापैकी किती, हा आकडा मात्र लिहू नका. डॉक्टरांनी एखाद्या दिवशी विचारला तर सांगा. पण दर दोन तासांनी आकडा लिहिणारा माणूस दिवसभर कंबरेवरच कान लावून बसतो.

पंधरा दिवसांनी वही चाळा. माझ्याकडच्या एका माग चालवणाऱ्याच्या वहीत दुखण्याचे वाईट दिवस सगळे पगाराच्या आधीच्या आठवड्यात आले होते. एका ताईंच्या वहीत नणंद राहायला आली की मान धरत होती. अशा गोष्टी सापडल्या की हसू येतं, पण पुढचं सगळं त्यावर बेतता येतं. तुमच्या वहीत असं काहीच सापडलं नाही तरी बिघडत नाही. सलग किती वेळ काम होतं हा आकडा तरी हातात येतो, आणि पुढं तोच लागणार आहे.

दुखेपर्यंत नव्हे, वेळ होईपर्यंत

माझ्या मते अख्ख्या उपचारात एवढं एक जमलं तर अर्धं काम झालं, म्हणून इथं जरा सविस्तर.

जुनं दुखणं असलेला माणूस चांगला दिवस उगवला की साठलेलं सगळं उरकून घेतो. गणपतीच्या आधी घर झाडणं, भांडी खाली काढणं, फराळाचं दळण, एका दिवसात. मग तीन दिवस अंथरुणात. त्या तीन दिवसांत अंगातली ताकद थोडी जाते, धास्ती थोडी वाढते, आणि पुढच्या चांगल्या दिवशी आधीपेक्षा कमी कामात कंबर धरते. असं वर्षभर चाललं की माणूस कॉटला लागतो, आणि कारण म्हणून मणक्यातल्या गादीचं नाव सांगितलं जातं. दुसरीकडं "जरा दुखलं की थांबा" असा सल्ला मिळालेला असतो. त्यानं होतं काय, की काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे दुखणंच ठरवायला लागतं. अमेरिकेत फोर्डाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हे उलटं फिरवलं: थांबायचं ते ठरलेल्या वेळेला किंवा ठरलेल्या मापाला, दुखलं म्हणून नाही आणि बरं वाटतंय म्हणून पुढंही जायचं नाही.

करायचं कसं? जे काम अडतंय असं एकच निवडा. समजा सलग बसणं. तीन वेगवेगळ्या दिवशी बघा, दुखणं नेहमीपेक्षा स्पष्ट वाढायच्या आधी किती मिनिटं बसवतं. एक दिवस २०, एक दिवस ३५, एक दिवस ३५ आलं. सरासरी ३०. त्याचे ऐंशी टक्के, म्हणजे २४ मिनिटं. हे तुमचं माप. मोबाईलवर २४ मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की उठायचं, अगदी मस्त वाटत असलं तरी. दोन मिनिटं उभं राहा, दारापर्यंत जाऊन या, पुन्हा बसा. आठवडाभर हे पाळलं गेलं तर पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवा. वाढवायचं की नाही हे आज कसं वाटतंय यावर ठरवायचं नाही. आधीच वहीत लिहून ठेवलेलं असतं.

चांगल्या दिवशी थांबणं हे वाईट दिवशी चालू ठेवण्यापेक्षा जड जातं. लोक मला म्हणतात, "बाई, आज हात चालतोय तोवर करून घेऊ दे की." तिथंच घोडं अडतं.

आता आपल्याकडची कामं घड्याळावर बसतात का? काही बसतात, काही ओढून बसवावी लागतात. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर असते. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून ती बसते आणि उठली की विड्या कमी. तिला मी मिनिटांऐवजी कट्टे, म्हणजे विड्यांच्या जुड्या, मोजायला सांगते: ठरलेले कट्टे झाले की उठून खांदे फिरवायचे, पाणी प्यायचं. सुरुवातीला मजुरी थोडी कमी पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. घरात आधीच सांगून ठेवा म्हणजे कुरबुर होत नाही. महिन्याभरात हात पुन्हा लागतो, कारण मध्ये आडवं पडायचे दिवस कमी झालेले असतात.

रोप लावणीचं अवघड आहे. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, चिखल, डोक्यावर इरलं, आणि बायकांची ओळ एका लयीत मागं सरकत असते. तुम्ही मध्येच उभ्या राहिलात तर ओळ मोडते. त्यातून पैरा असेल तर आणखी अडचण. आज त्या तुमच्या शेतात आल्या, उद्या तुम्हाला फेडायला जायलाच हवं. अशा वेळी उभं राहण्यापेक्षा काम बदलून घेणं जमतं: काही वेळ लावण, मग तरवा (लावणीची रोपं) काढणं, मग पेंढ्या बांधावरून आत पोचवणं. हे पैऱ्यातल्या बायकांशी आदल्या दिवशी बोलून ठरवा, बांधावर नव्हे. बहुतेक ओळींत आणखी दोघी-तिघींची कंबर दुखत असते आणि त्या सांगत नसतात, असा माझा अनुभव आहे.

चालणं सगळ्यात सोपं, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ऑस्ट्रेलियात झालेला आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला ७०१ लोकांचा अभ्यास आहे. पाठदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि पाठीबद्दल समजावून सांगितलं, त्यांची पाठ पुन्हा दुखायला, मधला आकडा धरला तर, २०८ दिवस लागले. ज्यांना काही दिलं नाही त्यांची ११२ दिवसांत. चालायला खर्च शून्य. चिखलाच्या दिवसांत घराच्या पडवीत फेऱ्या मारल्या तरी चालतात.

भीती उतरवायची ती पायरीपायरीनं

व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये भीतीचं हे चक्र नीट मांडलं: दुखणं म्हणजे इजा असं वाटलं की माणूस ती हालचाल टाळतो, टाळल्यानं अंग आखडतं, मन खचतं, दुखणं वाढतं, भीती खरी ठरल्यासारखी होते. वाकायला घाबरणारा माणूस मी चप्पल घालताना ओळखते. भिंत धरतो, श्वास रोखतो, पाठ फळीसारखी ताठ करतो. ताठ केलेल्या पाठीत स्नायूंना जास्तच काम पडतं.

वहीच्या मागच्या पानावर टाळत असलेल्या गोष्टी लिहा, सगळ्यात कमी भीतीची वर आणि जास्त भीतीची खाली. एका काकूंची यादी अशी होती: खुर्चीवर बसून पायातलं जोडवं नीट करणं, खाली बसून जेवणं, देशी संडासला बसणं, अर्धी घागर उचलणं, भरलेली घागर, आणि सगळ्यात शेवटी मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून खड्ड्यांच्या रस्त्यानं माहेरी जाणं. पहिल्यापासून सुरुवात. करायच्या आधी लिहायचं, "हे केलं तर काय होईल असं वाटतं?" त्यांनी लिहिलं, "कंबर धरेल, उठता येणार नाही." मग करायचं, श्वास न रोखता. मग लिहायचं, झालं काय. "थोडं चमकलं, उठले." तीच गोष्ट भीती ओसरेपर्यंत रोज, मग पुढची. मोटारसायकल यायला बराच वेळ गेला आणि त्यांना घाई नव्हती. घाई मुलाला होती.

कमरेचा पट्टा हा भीतीचाच भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं, व्यायाम, गरजेप्रमाणं मानसिक उपचार हे करावं असं आहे. पट्टे, वजन लावून ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं आहे. शेकाचं मशीन माझ्याही दवाखान्यात कोपऱ्यात आहे. ते लावलं नाही तर काही जणांना पैसे देताना जीवावर येतं.

आणि करणी, नजर, देवाचा कोप. यावर मी वाद घालत नाही. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन या, नारळ ठेवा, मनाला बरं वाटतं तेही औषधच. फक्त कुणी "चाळीस दिवस उंबरा ओलांडू नकोस" असं सांगितलं तर ते पाळू नका.

घरात कोण काय म्हणतं

घरं दोन प्रकारची. एका घरात कुणी विश्वास ठेवत नाही. "दिवसभर टीव्ही बघायला जमतं, भाकरी थापायला नाही." दुसऱ्या घरात "मामी, तुम्ही उठू नका, मी आहे की" म्हणून सून सगळं हातातून काढून घेते. दुसरं घर प्रेमाचं दिसतं, पण तिथला माणूस माझ्या बघण्यात जास्त लवकर बसून जातो. हातातलं काम गेलं की त्याबरोबर घरातला शब्दही जातो, आणि कण्हल्यावरच लोक जवळ येतात हे अंगाला कळतं, डोक्याला कळायच्या आधी.

दुखणाऱ्यानं काय करायचं: मदत मागताना कामाचं नाव घेऊन मागायची. "मला होत नाही" असं नको. "घागर तू आण, भाकऱ्या मी करते, मध्ये एकदा उठेन" असं. घरच्यांनी काय करायचं: उठल्या-उठल्या "आज कसं आहे दुखणं?" हे विचारणं बंद. त्याऐवजी "आज किती फेऱ्या झाल्या?" विचारा. कण्हताना धावून जाऊ नका, पण ठरलेलं काम करताना जवळ जाऊन बसा, गप्पा मारा. हे कठोर वाटतं. एका सुनेनं मला विचारलं, "लोक काय म्हणतील, सासूला काम लावते म्हणून?" मी सासूबाईंनाच शेजारणीला सांगायला लावलं की हे डॉक्टरीणबाईंनी दिलंय. शेजारणीचं तोंड बंद झालं की घरातलं निम्मं सोपं होतं.

भजनाला, हळदीकुंकवाला, महिला संघाच्या बैठकीला जायचं सोडलं असेल तर ते सगळ्यात आधी परत सुरू करा. अगदी अर्धा तास, मागच्या भिंतीला टेकून. आपल्या बाजूच्या बायकांना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये, राज्यातल्या राज्यात, जून २०२३ पासून तिकिटाचे पैसे लागत नाहीत. बहिणीकडं, बाजाराला, दवाखान्यात यायला त्याचा उपयोग करा. नुसतं घराबाहेर पडल्यानंही फरक पडलेला मी बघितला आहे.

कामावर

दिवसभर जड कास्टिंग उचलणाऱ्याला "ताण घेऊ नका, खोल श्वास घ्या" असं सांगणं हा चावटपणा आहे. तिथं ट्रॉली हवी, दुसरा माणूस हवा, टेबलाची उंची बदलायला हवी. ते आधी मागा. पण सहा महिने घरी बसून पूर्ण बरं झाल्यावरच जाईन, हेही चुकतं. जितकी रजा लांबते तितकं परतणं अवघड होतं, हे जगभर दिसलेलं आहे. सुपरवायझरशी बोलताना तारीख घालून बोला: "साहेब, सुट्टी नको. या सोमवारपासून दोन आठवडे लोडिंग सोडून काम द्या, नंतर अर्धा दिवस लोडिंग, महिन्यानं पूर्ण." मुदत नसलेलं हलकं काम कुणी देत नाही. ठेक्यावरच्या माणसाला हेही म्हणता येत नाही, कारण तो थांबला तर उद्या दुसरा येतो. त्यानं निदान सोबतीच्या माणसाशी कामाची आलटापालट ठरवावी. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर रजेचे कागद वेळेवर भरा; पगाराची धास्ती कमी झाली की झोप सुधारते.

झोप आणि मन

झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी झोपलात तर अर्ध्या तासात उठा. संध्याकाळनंतर चहा नको. अंथरुणावर पडून मोबाईल नको, हे सांगायला मला स्वतःलाच कंटाळा आला आहे. ज्यांना रात्री थ्री फेज करंट आला की मोटार चालू करायला मळ्यात जावं लागतं, त्यांनी भावाभावांत पाळ्या लावून घ्याव्यात. रोज तुटलेल्या झोपेवर कुठलाही व्यायाम लागू पडत नाही.

आता दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश होतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर ते दुखण्याइतकंच महत्त्वाचं धरा आणि डॉक्टरांना सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि आजच फोन करा.

डॉक्टर कधी कधी दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन अशी गोळी देतात. मेडिकलवाला म्हणतो, "ही तर डिप्रेशनची," आणि पेशंट ती कचऱ्यात टाकतो. ही औषधं काही प्रकारच्या दुखण्यात मज्जातंतूंवर काम करतात म्हणून दिलेली असतात. शंका असेल तर देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून एकदम बंद करू नका. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं देशात अनेकदा सापडलेलं आहे. आठ दिवस जादू होते आणि नंतर साखर, हाडं, सगळंच बिघडतं. दुखण्याची साधी गोळीही महिनोन्महिने मनानं घेतली तर पोट आणि किडनीवर येते.

दुखणं उसळलं तर

उसळणारच आहे. त्या दिवशी डोकं चालत नाही म्हणून बरं असतानाच एका कागदावर लिहून फ्रिजला किंवा देवघराच्या दाराला चिकटवा. माझ्या पेशंटांच्या कागदावर साधारण हे असतं: वर दिलेली धोक्याची लक्षणं नाहीत ना, बघ. कालच्या मापाच्या निम्मं कर, शून्य नको. गरम पाण्याची पिशवी, वीस मिनिटं. दर तासाला घरातल्या घरात फेरी. नवीन फोटो काढायला पळू नको. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा थोडं थोडं वाढव. आणि खाली एका माणसाचं नाव, ज्याला फोन केला तर तो घाबरवणार नाही. हे नाव निवडायला लोक सगळ्यात जास्त वेळ लावतात. आपल्याकडं फोन केला की "माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, शेवटी ऑपरेशन" असं सांगणारेच जास्त.

सहा आठवड्यांनी वही उघडा. दुखणं किती कमी झालं हे त्यात शोधू नका, ते सगळ्यात शेवटी हलतं. मिनिटं वाढली का, यादीतल्या किती गोष्टी परत सुरू झाल्या, आडवं पडायचे दिवस कमी झाले का, हे बघा. तिन्हींत काहीच हललं नसेल तर बहुतेक वेळा माप मोठं घेतलेलं असतं. ते निम्म्यावर आणा आणि पुन्हा सहा आठवडे द्या. तरीही नाही हललं तर फिजिओथेरपिस्टकडं वही घेऊन जा. त्यांनी वही न उघडता मशीन लावायला घेतलं, तर दुसरीकडं जा.